शाळेच्या भिंतीवरची काच

आमचा धाकटा इंजिनिअर झाला तेव्हा घरच्यांना वाटलं, आता हा मोठमोठे पूल बांधणार, नाव काढणार. त्याने बांधली शाळा! तीही डोंगराच्या कुशीत, नापास झालेल्या मुलांसाठी. मी त्याची थोरली बहीण. चार दिवस नाक मुरडायला म्हणून गेले आणि तिथल्या स्वयंपाकघरात अकरा वर्षं अडकले.

त्याची शिकवण्याची तऱ्हाच निराळी. पुस्तकाआधी मुलांच्या हातात मोजपट्टी. "वाटतं ते लिहायचं नाही, दिसतं ते लिहायचं," हे तो इतक्यांदा म्हणायचा की माझे कान किटले.

डोंगराच्या पलीकडच्या अंगाला दगडाची खाण सुरू झाली. सुरुंगांनी तिथल्या वस्तीतल्या भिंतींना तडे जाऊ लागले. याने मुलांना कामाला लावलं. प्रत्येक तड्यावर काचेची अरुंद पट्टी आडवी धरायची, दोन्ही टोकं प्लास्टरने पक्की करायची. भिंत जरा हलली की काच फुटते. चाळीस घरांपैकी एकतीस घरांतल्या काचा फुटल्या. वहीतल्या त्या नोंदींवरून खाणीविरुद्ध सुनावणी लागली, आणि कित्येक महिन्यांनी माझा भाऊ पोटभर जेवला.

सुनावणीच्या आदल्या दुपारी आमच्यातली एक चष्मेवाली मुलगी ती वही छातीशी धरून दारात उभी राहिली. गणितात दोनदा आपटलेली पोर, पण नजर घारीची.

"सर, एक पट्टी मी आपल्या शाळेच्या मागच्या भिंतीलाही लावली होती. ती फुटलीय."

"कधी?"

"खाण बंद होती ना, त्या आठवड्यात."

भावाचा चेहरा उतरला. मैदान करायला शाळेमागचा उतार त्यानेच कापला होता.

"नवी काच लाव आणि गप्प बस," मी म्हणाले. "उद्या ते लोक तुला उभा सोलतील. शाळा जाईल!"

पोरगी त्याच्या तोंडाकडे बघत होती. त्याने वहीकडे बोट केलं.

"वहीत लिहिलंस?"

"पेन्सिलने."

"पेनाने लिही."

सुनावणीत त्याने पहिली नोंद वाचली ती शाळेची. "हा उतार मी कापला. चूक माझी. डोंगर कापल्यावर काय होतं, ते आधी माझ्याच भिंतीवर बघा." खाणवाल्यांचा वकील हसला. अधिकारी हसले नाहीत. त्यांनी वही मागून घेतली आणि पहिल्या पानापासून वाचली. चौकशी होईपर्यंत सुरुंग बंद झाले, आणि शाळा त्याच दिवशी रिकामी करायचा हुकूम निघाला. बाकं उचलताना मी भावाला नाही नाही ते बोलले. तो एकेक बाक बाहेर नेत राहिला.

आता वर्ग खालच्या गावातल्या माझ्या दोन खोल्यांत भरतात. तिसऱ्या आठवड्यात शाळेची मागची भिंत कोसळली, सकाळी साडेदहाला, ऐन गणिताच्या तासाला. आत फळा तेवढा होता.

बातमी आली तेव्हा चष्मेवाली माझ्या ओट्याशी बसून उदाहरण सोडवत होती. मी तिला जवळ ओढलं आणि रडले. नवी काच लाव, असं मीच म्हणाले होते.