दाजींची मूठ

जगातली कुठलीही वस्तू मुठीत दाबून पाहिल्याशिवाय तिच्यावर विश्वास ठेवायचा नाही, असा नेम करून जगलेला माणूस मी एकच पाहिला: कुंभारवाड्याचे आमचे दाजी, माझ्या नणंदेचे यजमान. आमच्याकडे आले की मळलेली कणीक दाबत, दोरीवरचं धुणं पिळून बघत. माझ्या थोरलीला बघायला आलेल्या मुलाचा तर हातच दाबला आणि म्हणाले, "जरा ओलसर हाय, पण टिकंल." टिकला!

पण त्यांची खरी श्रद्धा मुरघासावर. गवत बारीक कापायचं, पिंपात दाबून हवाबंद मुरवायचं, की उन्हाळ्यात गुरांना रसरशीत चारा. मात्र आधी मूठ! "पाणी गळलं तर कुजंल, मूठ सोडताच सुटलं तर बुरशी धरंल. गोळा हळूच उकलाय पायजे वैनी, झोपेतनं उठल्यागत."

मी तेव्हा पन्नाशीची, म्हणजे तरणीताठी आणि अतिशहाणी. "जितकं ओलं तितकं रसाळ, आणि जितकं रसाळ तितकं दूध," असं मी त्यांनाच शिकवलं. दाजींनी आमचं गवत दाबलं. बोटांतून पाणी ठिबकलं. "अजून एक ऊन दाखवा," म्हणत गवत अंगणात पसरून त्यांनी दुपारची बस धरली. बस वळणाआड जाते न जाते तोच मी सगळं गवत कापून पिंपात कोंबलं, वर चढून नाचले आणि झाकण आवळलं.

चैत्रात झाकण उघडलं, आणि शेजारणीनं खिडकी लावली. वर चिकट लगदा, तळाशी काळं पाणी. नुकत्याच व्यालेल्या कपिलीनं एकदा हुंगलं आणि माझ्याकडे शेपूट केली. रानात हिरवी काडी नव्हती. दूध आटत चाललं, वासरू नुसतं ढुशा देत राहिलं. मी झक मारत निरोप धाडला.

दुसऱ्याच दिवशी दाजी दोन गोणी घेऊन बसमधून उतरले. मागून कंडक्टर ओरडत होता, "ओ, आंबूस वास मारतोय, दारू हाय काय त्यात?"

"व्हय, गाईची!"

कपिलीनं थेट गोणीत तोंड खुपसलं. मी बोलणी खायला तयार उभी. दाजींनी माझा लगदा मुठीत दाबला, काळं पाणी कोपरापर्यंत ओघळू दिलं आणि गंभीरपणे म्हणाले, "रसाळ हाय बरं का, वैनी."

आता त्यांचा हात आखडलाय, मूठ वळत नाही. तरी यंदाही पाऊस सरताच आले. मी गवत त्यांच्या तळहातावर ठेवलं, माझ्या दोन्ही हातांनी त्यांची बोटं मिटवली, दाबलं, सोडलं. गोळा हळूच उकलला, अगदी हवा तसा.

दाजींनी एकदा गवताकडे पाहिलं, एकदा रस्त्याकडे. "अजून एक ऊन दाखवा, वैनी."

मी गवत पसरलं, मात्र सावलीत. दुपारची बस त्यांच्यावाचून गेली.