मोरीतली दाढ

ओढ्यात सापडलेला एक रेघारेघांचा दगड आमच्या मोरीत टाचा घासायला होता. काल शेजारचे, भूगर्भशास्त्र शिकवणारे सर हात धुवायला गेले आणि तो घेऊनच बाहेर आले.

"वहिनी, ही हत्तीची दाढ आहे. दगड झालेली."

"अगंबाई! मग ती माझ्या टाचांनी झिजली?" बायको म्हणाली.

"छे! कडा पाण्याने गोल झाल्यात. वरचा सपाटपणा मात्र चावून चावून आलाय. हत्तीला दाढा आयुष्यात सहाच वेळा येतात. ही शेवटची असेल, तर चारा समोर असून तो उपाशी मेला असणार."

मी पट्टी लावली. लांबी अठरा सेंटिमीटर. रुंदी मोजायची राहिली. आत माझे वडील जेवायला बसले होते. त्यांनी आधी भाकरी सोडली, मग पोळी; आता भातही ताटात उरतो. कवळी टोचते म्हणतात. त्यांचं वय झालं म्हणून आम्ही लक्ष दिलं नव्हतं.

मी घाबरून आत गेलो. ताट तसंच होतं.

"अण्णा, दुधात भाकरी कुस्करून देऊ?"

"दे की. इतके दिवस कधी विचारलंस का?"

मी कुस्करून दिली, आणि पहिला घास गळ्याखाली उतरेपर्यंत त्यांच्या गळ्याकडे बघत राहिलो.