डोळ्यात चुना

लातूर नुकतंच जिल्हा झालं होतं आणि मी नव्या कचेरीच्या भिंतींना चुना मारत होतो. चुन्याचा शिंतोडा डोळ्यात उडाला, तसा धावतच सरकारी दवाखाना गाठला. दुष्काळानं तिथला नळ कोरडा पडला होता. एका ठेंगण्या सिस्टरनं, जिचं नाव विचारायचं राहूनच गेलं, मला बाकावर आडवं केलं, अंगठ्यानं पापणी उघडी धरली आणि रांगेतल्या बायांना म्हणाली, "तुमचे तांबे द्या. चुना डोळा खायलाय."

बायांनी प्यायचं पाणी पुढं केलं. ती तांब्यामागून तांबा डोळ्यात ओतत राहिली.

"दिसायलंय का?"

तिचं घामेजलेलं तोंड मला स्वच्छ दिसलं आणि आनंदानं रडूच फुटलं.

"रडा खुशाल," ती हसून म्हणाली, "तेवढंच आमचं पाणी वाचंल."