क्लबहाऊसला उत्तर म्हणून बांधलेली भिंत

ऐरोलीच्या माझ्या रो-हाऊसमागे मोकळी जागा आहे आणि माझ्या व्याह्यांच्या उलव्याच्या टॉवरला क्लबहाऊस आहे. या भांडणात माझी नातवंडं हळूहळू माझ्या हातून निसटत होती.

व्याही म्हणजे माझ्या मुलाचे सासरे. ते मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झाले, पण हुद्दा काही निवृत्त झाला नाही. मुलगा आणि सून त्यांच्याच आवारात फ्लॅट घेऊन राहिले. सुनेला नोकरीमुळे आईची मदत लागते, हे खरं होतं, म्हणून मी गप्प बसलो. रविवार तेवढा माझा, असं ठरलं होतं. मग त्या क्लबहाऊसात मुलांसाठी चढायची भिंत झाली. रंगीत गोळे, रबरी जमीन, शिट्टीवाला कोच. झालं! दर रविवारी सकाळी मुलाचा फोन, "बाबा, आज क्लास आहे यांचा. पुढच्या वेळी नक्की."

एकदा मीच तिकडे गेलो. सहा वर्षांची नात आणि चार वर्षांचा नातू पालीसारखे भिंतीला चिकटले होते. व्याही वेताच्या खुर्चीतून म्हणाले, "शेठ, मुलांना एक्स्पोजर लागतं. तुमच्याकडे काय, नुसती जागा."

'शेठ' हा शब्द ते असा उच्चारतात, की ऐकणाऱ्याला गंजाचा वास यावा. नावड्याला माझं हार्डवेअरचं दुकान आहे, ते मी शून्यातून उभं केलं आहे. त्यांच्या त्या भिंतीमागे जे नटबोल्ट असतील, ते मी किलोवर विकतो. मी म्हणालो, "भिंतच ना? मी बांधतो."

गाडीत बायको म्हणाली, "तुम्हाला कामाला लावणं किती सोपं आहे हो."

ओळखीच्या फॅब्रिकेटरने लोखंडी सांगाडा काँक्रीटमध्ये पक्का केला, त्यावर चांगली प्लाय ठोकली. उंची एवढीच, की सगळ्यात वर चढलेल्या मुलापर्यंत खालून माझा हात पुरावा. खाली जाड गाद्या. यात मी कुठेही हात आखडता घेतला नाही. अडलं ते गोळ्यांपाशी. हाताने धरायचे आणि पायाखाली घ्यायचे, त्यांना होल्ड म्हणतात. वाशीच्या दुकानात काउंटरमागचा गृहस्थ म्हणाला, "अंकल, इंपोर्टेड आहेत. फिक्स्ड रेट."

"आकार तर दगडासारखा आहे. आता दगडही बाहेरून आणता?"

"ग्रिप बघा ना, अंकल."

"बघतोय. माझ्या खिशावर आहे."

तिथून तडक पेण गाठलं. तिथे गणपतीच्या कारखान्यांच्या गल्लीत एकजण मंडपाच्या सजावटीचं फायबरचं काम करतो. त्याच्याकडे कोपऱ्यात नारळाएवढी हत्तीची तोंडं पडली होती, भरीव, सोंड वर वळवलेली. कुठल्याशा मंडळाने कमानीसाठी सांगितली आणि नेलीच नाहीत. सोंड म्हणजे हाताला आयती मूठ, कपाळ म्हणजे पायाला पायरी. पडून राहिलेल्या मालाचा धनी आधी मालाची तारीफ करतो आणि मग चहा मागवतो. चहा आला, तेव्हाच मी जिंकलो. पोती भरून तोंडं आणली, बोल्टांनी आवळली आणि एकेका सोंडेला स्वतः लटकून पाहिलं. मग सुनेला फोन केला, "रविवारी मुलांना घेऊन ये. तुझ्या बाबांनाही आण."

शनिवारी बायको नव्या भिंतीला हळदकुंकू लावायला ताट घेऊन आली आणि दारातच थबकली.

"अहो, हे काय?"

"हत्ती."

"हा बाप्पा आहे."

"मुकुट कुठाय? बिनमुकुटाचा बाप्पा पाहिलायस कधी?"

"पेणहून आणलेत आणि मला सांगताय हत्ती! यावर पोरांनी पाय ठेवायचे?"

मी सगळी तोंडं हिरवी रंगवली. ती म्हणाली, "आता हिरवा बाप्पा झाला."

शेवटी तिनेच तोड काढली. पुस्तकाला पाय लागला की करतो, तसा नमस्कार करायचा. मी भांडून दमलो होतो, हो म्हणालो. या भिंतीवर पाय चुकून लागत नाही, मुद्दाम ठेवावाच लागतो, हे आम्हा दोघांच्याही डोक्यात आलं नाही.

रविवारी व्याही आले ते मुलांसाठी हेल्मेट घेऊन. "शेठ, भिंतीचं सर्टिफिकेट काढलंत का?"

"बसा. त्या खुर्चीचंही काढलेलं नाही."

नात चढू लागली. पहिला पाय पडताच आजीचा आवाज, "नमस्कार!" पोरीने एक हात सोडून हत्तीला लावला, छातीला लावला, पुन्हा सोंड धरली. पुढचं पाऊल, पुन्हा "नमस्कार!" शेजारी चढणाऱ्या नातवाला एवढी कसरत कुठली जमायला? त्याने भक्तिभावाने दोन्ही हात जोडले आणि पाठीवर धाडकन गादीत पडला.

सून धावली. व्याही उठून उभे राहिले, तोंडावर 'मी म्हणत नव्हतो?' असं स्पष्ट लिहिलेलं. हा आता रडला की माझे रविवार कायमचे गेले, हे मला कळत होतं. पोरगं उताणं पडून वर बघत राहिलं. मग म्हणालं, "आबा, बाप्पाने मला ढकललं! परत!"

त्यानंतर दोघांनी दुसरं काही केलंच नाही. चढायचं, हात जोडायचे, पडायचं. नातीने कारणही सांगितलं, "तिकडे पडलं की कोच यादीतून नाव कापतो." पुढच्या रविवारी फोन मुलाचा नाही, नातीचा आला, "आबा, आम्ही निघालो."

रविवार मला परत मिळाला. फक्त सोबत व्याहीही मिळाले. ते दर आठवड्याला येतात, माझ्या अंगणात माझा चहा पितात आणि नमस्काराने मुलांचा बॅलन्स कसा सुधारतो, हे माझ्याच बायकोला समजावतात. परवा त्यांच्या सोसायटीच्या कमिटीची माणसं घेऊन आले. माझ्या देखत भिंतीकडे हात करून सांगत होते, "कन्सेप्ट आमचा. जागा शेठची."

माझं डोकं फिरलं. पण नातू नेमका वरच्या ओळीत हात जोडायच्या बेतात होता आणि माझे दोन्ही हात त्याच्याखाली होते. व्याही थोडक्यात वाचले.