अर्ध्या नांगराचा शोध

वैशाखातल्या एका सोमवारी तांबडं फुटायच्या आत मी घर सोडलं. खांद्यावर नवी घोंगडी, धडप्यात सहा भाकरी, शेंगांची चटणी आणि दोन कांदे, हातात काठी. थोरली सून दारात आडवी आली. "मामंजी, ह्या उन्हाचं कुटं निघालाय? धाकल्या भावजींना धाडा की."

मी म्हटलं, "खापरपणजा माझा हाय. पायबी माझंच जातील."

मी दुसरी शिकलोय. बाळबोध वाचता येतं, मोडी येत नाही. तरी हे माझ्या हातानं लिहितोय, कारण मी परत यायच्या आतच गावानं माझा प्रवास चार तऱ्हांनी सांगायला सुरुवात केली होती. त्यातली एकही तऱ्हा खरी नाही.

आमचं गाव वळसंगाहून दोन कोसांवर. ज्येष्ठाच्या पुनवेला आमच्याकडे बैलांचा सण असतो, त्याला कारहुणवी म्हणतात. वेशीला पिंपळाच्या पानांचं तोरण आडवं बांधतात, ती 'कर'. मानाची जोडी पळत येते, शिंगानं कर तोडते, आणि मग बाकीचे बैल गावात शिरतात. ज्याच्या पूर्वजानं गावच्या काळीत पहिला नांगर घातला, त्याच्या घरचा हा मान. माझ्या जन्मापासून तो आमच्या घरात बघतोय. समोरच्या सिद्धाप्पाच्या घरचे म्हणतात, मान त्यांचा, आम्ही दांडगाईनं घेतला.

ही कुरबूर जुनीच. ती पेटली खानेसुमारीत. शाळेचे मास्तर कागद घेऊन आले, दाराच्या चौकटीवर गेरूनं आकडा घातला आणि नावं विचारायला लागले. मी म्हटलं, "मास्तर, आदी लिवा, ह्या घरानं गाव वसवलं."

"तात्या, तसा रकाना नाही."

"मग माझा थोरला लिवा. मानमोडीच्या तापात गेला त्यो."

मास्तरांनी मान खाली घातली. "आज रात्री घरात असतील तेवढीच माणसं लिहायचा हुकूम आहे."

सिद्धाप्पा समोरच्या ओट्यावर सुपारी कातरत बसला होता. तो म्हणाला, "तात्या, मास्तराला कशाला छळताय? तुमचा खापरपणजा एक बैल हाताला धरून आमच्या दारात आला. त्येवडंच लिवा की."

चारजण हसले. मी चावडीवर गेलो आणि पाच माणसांपुढं बोललो, कारहुणवीच्या आत सरकारी कागद आणतो. नाही आणला तर माझी जोडी सगळ्यांच्या मागनं वेशीत शिरंल. बोललो ते बोललो. सिद्धाप्पा लगेच म्हणाला, "ऐकलं बरं का सगळ्यांनी." म्हणून हा प्रवास.

होटगीपर्यंत पायी आणि तिथून आगगाडीनं सोलापूर. गिरणीचा भोंगा स्टेशनाबाहेर पडताना ऐकला. इतकी माणसं एका आवाजावर चालतात हे बघून नवल वाटलं. आमच्यात घंटा ऐकून बैलसुद्धा एवढे सरळ चालत नाहीत. टांगेवाला म्हणाला, "बडे मियां, किधर कू जाना?" मी म्हटलं, "कचेरीत. पण चालत." तो माझ्या शेजारनं टांगा हळू हळू चालवत आला आणि "आगे से दाएं, मसजिद के बाजू से," असं सांगत कचेरीच्या दारापर्यंत फुकट वाट दाखवून गेला. शहरात सगळीच माणसं वाईट नसतात.

माझा समज असा होता, की खानेसुमारी दर दहा वर्षांनी होते, तर मागच्या, त्याच्या मागच्या, अशा सगळ्या खानेसुमाऱ्यांचे कागद कचेरीत ढिगानं असणार. ढीग उपसत गेलं की माझा आजा, पणजा सापडतील. तिथला कारकून पोरसवदा होता, पण नीट बोलला.

"आजोबा, ते कागद मोजणी झाली की ठेवत नाहीत. आकडे ठेवतात."

"आन नावं?"

"नावं नाही."

"मग माझा आजा कुटं गेला?"

"आकड्यात आहेत की. मिळून."

मी तिथल्या बाकावर बसून एक भाकरी खाल्ली. आख्ख्या मुलखाची माणसं मोजायची, त्यांची नावं विचारायची, आणि मग नावं टाकून आकडा ठेवायचा. आम्ही ज्वारी मळतो तेव्हा भूस टाकतो आणि दाणा ठेवतो. इथली रीत उलटी. त्या पोराला माझी दया आली असावी. तो बाहेर येऊन म्हणाला, "उद्या या. लिंबाखाली बापूराव बसतात, पेन्शनर आहेत. जुनी मोडी दफ्तरं वाचून देतात. त्यांच्याकडून अर्ज लिहून घ्या."

रात्र तळ्याकाठच्या धर्मशाळेत काढली. पलीकडच्या आळीत विणकरांची तेलंगी घरं आहेत, तिथं उजाडल्यापासून मागांची खटखट चालू झाली. एका बाईला पाणी मागितलं. ती तेलंगीत काही बोलली, मी मराठीत काही बोललो, आणि तांब्या मिळाला.

बापूराव माझ्याच वयाचे. दोऱ्यानं बांधलेला चष्मा, डोक्याला जुनी पगडी. अर्ज झाला, त्याला सरकारी तिकीट लागलं, दुपार कलल्यावर शिपायानं आमच्या गावाचा रुमाल (दफ्तराचं लाल गाठोडं) आणून ठेवला. सोडताना उडालेल्या धुळीनं आम्ही दोघं म्हातारे खोकत बसलो. बापूराव एकेक कागद दिव्याच्या वातीला हात लावावा तसा उचलत होते. शेवटी एका कागदावर थांबले.

"हे पाहा. गाव नव्यानं बसलं त्या सालची लावणीची यादी. रखमाजी, हा तुमचा कोण?"

रखमाजी माझा खापरपणजा. त्याचं नाव परक्याच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकलं. "म्होरं काय लिवलंय?"

"रखमाजी, अर्धा नांगर." त्यांनी चष्मा पुसला, पुन्हा वाचलं. "अर्धा नांगर ही काय भानगड? लिहिणाऱ्याची चूक दिसते."

मी म्हटलं, "चूक न्हवं, रावसाहेब. अर्धा नांगर म्हंजी एक बैल. आपला एक, दुसऱ्याचा एक, आसं आऊत जोडायचं. आज त्येच्या रानात, उद्या आपल्या. सावड म्हंत्यात त्याला."

बापूराव चष्म्यावरून माझ्याकडं बघत राहिले. "चाळीस वर्षं हे वाचतोय. जिथं आलं तिथं चूक म्हणून पुढं गेलो."

दुसरी शिकलेल्या माणसानं पेन्शनर कारकुनाला शिकवलं, याचा मला आनंद व्हायला हवा होता. झालाही. पण तो पानाच्या विड्याएवढाही टिकला नाही. एक बैल. सिद्धाप्पा ओट्यावर बसून जे बोलला तेच सरकारी कागद बोलत होता.

मग शेतकऱ्याचं डोकं चाललं. "खालची ओळ बगा. एका बैलानं नांगर हालत न्हाई. दुसरा आर्दा कुनाचा हाय?"

खालची ओळ कसरीनं खाल्ली होती. नावाच्या जागी जाळी, आणि शेवटी एकच शब्द उरलेला: अर्धा.

बापूरावांनी विचारलं, "नक्कल करून देऊ? तुमच्या उपयोगाची आहे का, पाहा बुवा."

नक्कल नेली तर सिद्धाप्पाच्या हातात मी आपणहून काठी देणार. नाही नेली तर बोललेला शब्द जाणार. मी म्हटलं, "द्या करून. हाय त्ये हाय."

कागद सोलापुरात संपला. आता उरला हेळवी. वाचणाऱ्यांतल्या किती जणांनी हेळवी बघितलाय कोण जाणे. हे लोक घराण्यांच्या पिढ्या तोंडपाठ ठेवतात. पायावर कांबळं घेऊन बैलावर बसून येतात, घंटा वाजवतात, दारात उभं राहून मूळ पुरुषापासून नावं म्हणतात, आणि घरचे त्यांना धान्य घालतात. सिद्धाप्पाच्या दारात मल्लाप्पा हेळवी दर सुगीनंतर येतो. पूर्वी त्याचा बाप आमच्याही दारात यायचा. एका दुष्काळात माझ्या बापानं त्याला दार उघडलं नाही. त्यानंतर तो आमच्याकडे आला नाही, आणि त्याची घंटा वाजली की मी रानात निघून जायचो. त्याची वस्ती मंगळवेढ्याच्या दक्षिणेला, कानडी मुलखाच्या तोंडाशी आहे एवढं ठाऊक होतं.

बुधवारी मोटारीत बसलो. भीमेच्या अलीकडं चाक फुटलं, सगळे उतरून काठापर्यंत चालत गेलो. काठाला पाणी गुडघ्याएवढंच, म्हणून मी नाववाल्याची वाट न बघता नदीत शिरलो. तो ओरडत होता, "बाबा, तितं रुतन हाय." मी ऐकलं नाही. मधे गाळात पाय गेला, तो काढला तेव्हा वहाण आत राहिली. बराच वेळ काठीनं चाचपलं. नाववाला माणसं घेऊन शेजारनं कोरडाच पार गेला, ते जास्त लागलं.

उरलेली वहाण टाकवेना. एका पायात वहाण, एक पाय अनवाणी, असा मंगळवेढ्याला आलो. शाळू निघून गेलेली ती काळी रानं बघावीत. झाड नाही, बांध नाही, नजर जाईल तिथवर भुई भेगाळून पडलेली, आणि वस्त्यांवर कडब्याच्या गंजी घरांपेक्षा उंच. असली माती मूठभर कपाळाला लावावी. एका मेंढपाळाला वाट विचारली. तो माझ्या पायाकडं बघून म्हणाला, "हेळव्याकडं व्हय? जावा की सरळ. दुसरी वहाण तितं न्हाय मिळायची पर."

हेळव्याच्या अंगणात मला बघून एक बाई पदर तोंडाला लावून हसली. मल्लाप्पा बाजेवर बसला होता. "बर्री, कूडरी" (या, बसा) म्हणाला. मी गाव सांगितलं, बापाचं नाव सांगितलं. त्याचं तोंड बदललं.

"यजमान, त्या दारातनं माजा बाप रिकामा गेला. तुमचं नाव ह्या तोंडात न्हाई."

मी आयुष्यात कुणाची माफी मागितली नाही. मामलेदाराचीसुद्धा नाही. उठून परत चालू लागावं असं वाटलं, आणि मी उठलोही. पण अनवाणी पाय तापल्या भुईवर पोळला, आणि उभ्या उभ्याच बोललो.

"दार लावलं त्ये लाजंनं. घरात घालायला दाना न्हवता. तुजा बाप बाहेर घंटा वाजवत हुता, आन माजा बाप आत तोंडात पटका कोंबून रडत हुता. मी बगितलंय. पाच वर्सांचा हुतो."

हे मी बायकोलाही कधी सांगितलं नव्हतं. घोंगडी खांद्यावरनं काढून त्याच्यापुढं ठेवली. मल्लाप्पानं ती लगेच घेतली नाही. लोकर दोन बोटांत धरून बघितली, मग गुडघ्यांवर पसरली आणि डोळे मिटले.

तो अर्धं कानडी, अर्धं मराठी म्हणत होता. रखमाजी माणदेशातनं निघाला, दुष्काळात एक बैल वाटेत मेला, एक तांबडा उरला. निंगाप्पा खालच्या कानडी मुलखातनं आला, त्याचाही एक मेला, एक पांढरा उरला. ओढ्याकाठी दोघांची गाठ पडली. एकाची भाषा दुसऱ्याला कळत नव्हती. तांबडा आणि पांढरा एका जुवाला जोडला आणि काळीत पहिलं तास घातलं.

निंगाप्पा म्हणजे सिद्धाप्पाचा खापरपणजा.

मी विचारलं, "ह्ये तू सिद्धाप्पाच्या दारातबी म्हनतोस?"

"दर साली म्हनतो. ऐकनारा आपल्याच बैलाचं ऐकतो, यजमान."

"आन उजव्या अंगाला, मानाच्या बाजूला, कुनाचा हुता?"

तो हसला. "त्ये आमाला शिकवलं न्हाई."

मग नावं उतरत आली: पणजा, आजा, बाप. तिथं तो थांबला. "हितनं म्होरं तुमी सांगा." मी माझं सांगितलं, धाकल्याचं सांगितलं, नातवांची सांगितली. मल्लाप्पा बोटं मुडपत होता. म्हणाला, "एक बोट रिकामं ऱ्हायलंय. गेलेलंबी सांगायचं असतं."

मी थोरल्याचं नाव सांगितलं. त्यानं ते तीनदा म्हटलं आणि पाठ केलं.

परत आल्यावर चावडीवर नक्कल ठेवली आणि पाच माणसांपुढं सगळं सांगितलं, एका बैलापासनं. सिद्धाप्पा "बगा, म्हनलं न्हवतं?" म्हणून उठला, आणि मी निंगाप्पाचा पांढरा सांगितल्यावर खाली बसला. बराच वेळ सुपारी न कातरता अडकित्ता उघडझाप करत होता. मग म्हणाला, "आमच्या आज्जीच्या गाण्यात पांढरा बैल हाय. एकच हाय. आमाला वाटायचं दुसरा गाण्यात बसला नसंल."

कारहुणवीला माझा एक आणि त्याचा एक असे जोडले. उजवीकडं कुणाचा, यावर दोन दिवस भांडलो. शेवटी दोघांपैकी त्याचा बैल डाव्या अंगाला चालतच नाही असं निघालं, म्हणून माझा डावीकडं गेला. नाहीतर गेला नसता. कधी एका जुवाखाली न आलेले बैल, वेशीपर्यंत वाकडेतिकडे ओढत आले, आणि कर तुटली.

चाळीस कोस हिंडून आलो, आणि हरवलेला अर्धा नांगर आमच्या समोरच्या ओट्यावर बसलेला होता. उरलेली वहाण मी खुंटीला टांगून ठेवली आहे. सिद्धाप्पा गावभर सांगतो, कर आधी त्याच्या बैलाच्या शिंगाला लागली. मी सांगतो, माझ्या. खरं म्हणजे त्या घटकेला धुळीनं माझे डोळे भरले होते आणि मला काहीच दिसलं नाही. पण हे त्याला कुणी वाचून दाखवू नये.