मोराला पुसलेली बोटं

सून कोथिंबीर वडी तळायला लागली की मी बाल्कनीत जाऊन बसते. खालच्या माजिवडा नाक्यावरच्या गाड्यांचा धूर परवडला, पण तो वास नको.

डी.एड.ला होते तेव्हाची गोष्ट. आंबिवलीच्या एका शाळेत माझा परीक्षेचा पाठ होता. परीक्षकांना घरून खाऊ न्यायचा, ही तेव्हाची रीतच होती बघा. आईने वड्या करून दिलेल्या. मी पहिलीच्या मुलांना मोर शिकवत होते आणि परीक्षक सर मागच्या बाकावर त्या मचमच खात होते. खाऊन झालं तसे उठले, फळ्यापाशी आले आणि मी आठवडाभर खपून रंगवलेल्या मोराच्या तक्त्यालाच तेलकट बोटं पुसली.

पुढे बसलेली एक चिमुरडी म्हणाली, "बाई, सरांनी मोराला हात पुसले."

"मग काय, चावला का गं तुझा मोर?" सर हसले.

गुण त्यांच्या हातात होते, त्यामुळे मी तसाच पाठ पुरा केला.

मधल्या सुट्टीत डबे खाऊन पोरं आली आणि एकेकाने मोराला हात पुसले. शेवटी ती चिमुरडीही आली.

पाठात मला पहिला वर्ग मिळाला. शिसारी अजून जात नाही.