दोरीवरच्या दुधाच्या पिशव्या

ज्या वर्षी शिरोळकडे पुराचं पाणी घराघरांत शिरलं, त्या वर्षी माझ्या सासूबाई तीन-चार महिने आमच्याकडे राहिल्या. गावातल्या घराची मागची भिंत खचली होती, गोठ्यात गुडघाभर गाळ होता. सासरे आणि दीर जनावरांपाशी थांबले. सासूबाईंना माझ्या नवऱ्यानं कोल्हापुरात मंगळवार पेठेतल्या आमच्या दोन खोल्यांत आणून सोडलं. आम्ही दोघंही कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत कामाला होतो, पण वेगवेगळ्या कारखान्यांत. तो मशीनवर, मी स्टोअरमध्ये. सकाळी सातला कंपनीची बस यायची आणि संध्याकाळी साडेसहाला मी परत. मुलगी सहा वर्षांची. शाळा सुटल्यावर ती शेजारच्या काकूंकडे बसायची. सासूबाई येणार म्हटल्यावर पोरीची सोय झाली, एवढंच माझ्या मनात आलं, हे कबूल करते.

मी त्यांना आत्ती म्हणायचे. आत्ती एक पोतं घेऊन आल्या होत्या. त्यात पुरातून वाचलेल्या तीन-चार जुन्या इरकली साड्या, शिकेकाईचा डबा आणि भांडी घासायला घोसाळ्याच्या वाळक्या जाळ्या. पोतं कोपऱ्यात ठेवून त्यांनी आधी माझं स्वयंपाकघर पाहिलं. मसाल्यांची पाकिटं, चटणीची पाकिटं, शेवयांची, बिस्किटांची. ओट्याखाली एका कॅरीबॅगेत कोंबलेल्या पन्नासेक कॅरीबॅगा.

"दुकानच हाय की गं," त्या म्हणाल्या. टोमणा नव्हता. त्यांना खरंच तसं वाटलं असावं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दुधाच्या पिशवीचा कोपरा कात्रीनं कापला, दूध पातेल्यात ओतलं आणि पिशवी कचऱ्यात टाकली. आत्तींच्या घरी म्हशी, त्यांचा दुधाच्या पिशवीशी कधी संबंध आलेला नव्हता. त्यांनी ती पिशवी कचऱ्यातून उचलली, कापलेला इवलासा तुकडाही शोधून काढला. पिशवी उभी चिरून गरम पाण्यानं धुतली आणि गॅलरीतल्या दोरीवर चिमटा लावून टांगली.

"उद्यापासनं कोपरा तोडू नको. नुसती चीर पाड. तुकडा पिशवीलाच ऱ्हायला पायजे, न्हायतर तो हारवतो."

"हरवला तर काय होतंय, आत्ती?"

"जनावराच्या पोटात जातो."

मी घाईत होते. पुढं विचारलं नाही.

रोजच्या दोन पिशव्या. वाळल्या की त्या घडी घालून पिठाच्या रिकाम्या डब्यात ठेवायच्या आणि भंगारवाला आला की देऊन टाकायच्या, असं आत्तींनी ठरवलं होतं. पावसाळी हवेत पिशव्या लवकर वाळत नसत, त्यामुळं दोरीवर कायम आठ-दहा लोंबत असायच्या. आमची गॅलरी रस्त्याच्या बाजूला होती. बसमधून उतरलं की मला आधी त्या पिशव्या दिसायच्या आणि मान खाली घालून मी जिना चढायचे.

त्याच महिन्यात मुलीचा वाढदिवस आला. रविवारी दुपारी ऑफिसातल्या चौघी आल्या. त्यातली एक खरेदी विभागात होती. तिच्या ड्रेसांवर, चपलांवर, पर्सवर माझा डोळा असायचा. तिच्यासारखं दिसावं म्हणून मी दोन ड्रेस शिवूनही घेतले होते. ती गॅलरीत गेली आणि तिथूनच ओरडली, "अगं, वाढदिवसाच्या पताका लावल्यास का या?"

सगळ्या हसल्या. मीही हसले. आत्ती बशा घेऊन बाहेर आल्या, त्याही हसल्या. त्यांना वाटलं, बाईनं कौतुकानं विचारलं.

"पताकाच की! पावणं, तुम्ही बी घरी असंच करा. कोपरा तोडायचा न्हाय बघा, नुसती चीर पाडायची," असं म्हणत त्यांनी एक पिशवी दोरीवरून काढली आणि चीर कशी पाडायची ते त्यांना दाखवू लागल्या. त्या चौघी एकमेकींकडं बघत होत्या. मला तिथं उभं राहवेना. केक आणायला म्हणून मी आत गेले आणि उगाचच पाण्याचा नळ सोडून उभी राहिले.

सोमवारी सकाळी आत्ती बस्तीत, म्हणजे जैन मंदिरात, दर्शनाला गेल्या होत्या. मी दोरीवरच्या सगळ्या पिशव्या ओढून काढल्या, डब्यातल्याही काढल्या. आदल्या दिवशीचा उरलेला केक, केळ्यांची सालं आणि त्या पिशव्या एका काळ्या कॅरीबॅगेत कोंबल्या, दोन गाठी मारल्या आणि बसला जाता जाता ती गल्लीच्या टोकाच्या कचऱ्याच्या कोंडाळ्यात फेकली. आत्तींना काय सांगायचं, त्याचा विचार बसमध्ये केला. भंगारवाला आला होता, त्याला दिल्या, असं सांगायचं ठरवलं.

संध्याकाळी बसमधून उतरले तर शेजारच्या काकू माझ्या मुलीचा हात धरून गल्लीच्या तोंडाशी उभ्या होत्या.

"घाबरू नको. तुझ्या सासूबाईंना गाईनं पाडलं. मनगट मोडलंय. दवाखान्यात बसवून आलेय. तुझ्या कंपनीत फोन लागेना."

मग त्यांनी झालेलं सांगितलं. दुपारी आत्ती कोथिंबीर आणायला खाली उतरल्या होत्या. कोंडाळ्यापाशी एक गाय काळी पिशवी चघळत होती, अर्धी आत गेलेली. आत्तींनी बाहेरचं टोक धरलं आणि ओढायला लागल्या.

"मी वरनं ओरडतेय, आजी सोडा, सोडा! पण त्या कुठल्या सोडतायत! गाईनं मान झटकली, तशा फुटपाथच्या कडेवर पडल्या. पिशवी मात्र आली बाहेर. आणि पडल्या पडल्या काय करत होत्या माहीत आहे? डाव्या हातानं रस्त्यावरच्या दुधाच्या पिशव्या गोळा करत होत्या."

मुलीला काकूंकडंच ठेवलं आणि रिक्षानं दवाखाना गाठला. आत्ती बाकावर बसल्या होत्या. उजव्या हाताला कोपरापर्यंत प्लास्टर, इरकलीच्या पदराला चिखल. मला बघून म्हणाल्या, "जेवायची वेळ टळली बघ." त्या सूर्य मावळल्यावर जेवत नसत. म्हणजे आता सकाळपर्यंत उपाशी.

परत येताना रिक्षात मी म्हणाले, "आत्ती, ती पिशवी मी टाकलेली."

"म्हाइत हाय. धुतलेल्या पिशव्या वळखू येत न्हाईत व्हय मला?"

त्यांनीच विचारलं, "त्या बायका हसल्या म्हणून टाकल्यास?"

"हो. लाज वाटली."

"मग मला सांगायचं की. आतल्या दोरीवर घातल्या असत्या."

एवढंच. मला वाटलं होतं, त्या चिडतील, निदान रडतील. मीच रडायला लागले. रिक्षावाला आरशातून बघत होता. थोड्या वेळानं त्यांनी आपणहून म्हशीची गोष्ट सांगितली. दोन वर्षांपूर्वी त्यांची एक दुभती म्हैस चारा खाईना, पोट फुगलं. डॉक्टरांनी पोट उघडलं तर आत प्लास्टिकचा हा एवढा गोळा. त्यांनी डाव्या हाताचा पसा करून दाखवला, मग तो पुरेना म्हणून हात लांब केला. म्हैस तिसऱ्या दिवशी गेली. "माझ्या हातची म्हस. रेडकू असल्यापासनं मीच वाढवलेली," त्या म्हणाल्या आणि बाहेर बघत बसल्या.

मी आठ दिवसांची रजा टाकली. त्या स्टुलावर बसून सांगायच्या, मी करायचे. जवस, कारळं, शेंगदाणे भाजून तिन्हींच्या चटण्या केल्या. खलबत्ता नाही म्हणून मी बिचकत होते, तर म्हणाल्या, "मिक्सर काय वाईट न्हाय. पाकीट वाईट." एक इरकल फाटत आली होती, तिच्या मी पिशव्या शिवल्या. पहिल्या पिशवीचे बंद भर मंडईत उसवले आणि टोमॅटो गटारापर्यंत गेले. दुसऱ्या पिशवीला त्यांनी बंद तळापासून वर शिवायला लावले, ती टिकली. ओला कचरा फुटक्या बादलीत घालून गच्चीवर ठेवला. आठवड्यात त्यात अळ्या झाल्या, वास सुटला, आणि ज्या काकूंनी आत्तींना दवाखान्यात नेलं होतं, त्याच भांडायला आल्या. वाळका पाला आणि राख घालायची, हे सांगायचं आत्ती विसरल्या होत्या. गावात शेणाच्या उकिरड्यात सगळं खपून जायचं, बादलीचा अनुभव त्यांनाही नव्हता. पाला घातल्यावर वास गेला. काकूंचा राग जायला मात्र दिवाळी उजाडली.

बऱ्या राहिलेल्या एका साडीचा मी कुडता शिवला. आत्तींनीच सांगितलं, "जुनी झाली म्हणून टाकायची व्हय? अंगावर घाल." तो घालून मी कामावर गेले. खरेदी विभागातल्या त्या मैत्रिणीनं काठाला हात लावून पाहिला आणि विचारलं, "कुठं घेतलास?" मी म्हणाले, "सासूबाईंची साडी आहे." ती "अच्छा" म्हणाली आणि कामाला लागली. तिला मी एक कापडी पिशवीही दिली. ती पिशवी पुन्हा कधी दिसली नाही.

आत्तींसमोर जेवढं केलं तेवढं सगळं पुढं टिकलं, असंही नाही. शेवयांची पाकिटं घरात परत आली, ज्या महिन्यात ओव्हरटाइम असेल त्या महिन्यात चटणीही विकतची आली. दूध मात्र गवळ्याकडून किटलीत घ्यायला लागलो, कारण तो दारात यायचा आणि ते सोपं होतं. कापडी पिशवी पर्समध्ये असतेच. ओल्या कचऱ्याची बादली काकू आणि मी पुढं वाटून घेतली. त्यांच्या सालींना आमच्यापेक्षा जास्त जागा लागते, यावरून अजून कुरबुर होते.

दिवाळीच्या आधी भिंत बांधून झाली आणि आत्ती गावी गेल्या. मनगट नीट बसलं नाही. बोटं वळायची, पण हात थोडा बाहेर झुकलेलाच राहिला. धुणं पिळताना त्यांना कळ यायची, भाकरी त्या डाव्या हातानं थापायला शिकल्या. सुट्टीला गेले की मी त्यांच्या आधी चुलीपुढं बसायचे. त्या बसू द्यायच्या, फक्त माझ्या भाकरीच्या कडा जाड होतात म्हणायच्या.

एकदा त्यांच्या माहेरची माणसं आली होती. एका वहिनीनं हाताकडं बघून विचारलं, "हे कसं वो झालं?" मी परातीत पीठ मळत होते. माझे हात थांबले.

"कोल्हापुरात गाईनं ढकललं," आत्ती म्हणाल्या, आणि तिच्या पोरीच्या लग्नाचं विचारायला लागल्या.